पाळी आली, आता उड्या बंद?

“मोठी झालीस आता, उड्या पुरे!” बारा-तेरा वर्षांच्या मुलींना हे हमखास ऐकावे लागते. पाळी सुरू झाली की दोरी खुंटीला अडकते, लंगडी सुटते, खो-खो सुटतो. आणि हाडे मजबूत व्हावीत म्हणून हातात दुधाचा पेला येतो.

कॅनडातल्या सस्कॅचेवान इथे शाळकरी मुलामुलींची हाडे वर्षानुवर्षे मोजली गेली. हाडांत खनिज भरण्याचा वेग मुलींमध्ये साधारण साडेबाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षी सर्वाधिक असतो, असे त्यात दिसले. त्या सुमाराच्या दोन वर्षांत प्रौढपणीच्या खनिजाचा चौथा हिस्सा भरला जातो. आपण मुलीची दोरी काढून घेतो ती नेमकी याच वर्षांत.

नुसते दूध पुरत नाही. कॅल्शियम हवे, ऊन हवे, पण तो झाला माल. भराव कुठे घालायचा हे हाडाला धक्क्यांवरून कळते. टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेटच्या हातातले दंडाचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते. जेवण तेच, रक्त तेच. फिनलंडमधल्या १९९५ च्या अभ्यासात, पाळी येण्याआधी किंवा त्या सुमारास खेळू लागलेल्या महिला खेळाडूंमध्ये हा फरक उशिरा सुरुवात केलेल्यांच्या दुप्पट ते चौपट होता.

पोहणे आणि सायकल हृदयाला उत्तमच. पण पाणी अंगाचा भार झेलते, सायकलवर तो सीट झेलते. हाडाला हादरा बसतच नाही.

तासन्‌तास घाम गाळायलाही नको, कारण त्याच त्या धक्क्यांना हाड लवकर सरावते. अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लहान मुलांनी ६१ सेंटिमीटर उंच ठोकळ्यावरून दोन्ही पायांवर उड्या मारल्या: एका वेळी १००, आठवड्यातून ३ दिवस, ७ महिने. नुसते ताणाचे व्यायाम केलेल्या मुलांपेक्षा त्यांच्या खुब्याच्या हाडात सुमारे साडेचार टक्के आणि कमरेच्या मणक्यांत तीन टक्के जास्त खनिज भरले. म्हातारपणी मोडतो तो हाच खुबा.

उड्यांनी किंवा नीट शिकवलेल्या वजनांच्या व्यायामाने उंची खुंटत नाही. काळजी करायची ती वेगळ्याच गोष्टीची. भरपूर खेळणारी मुलगी पोटभर जेवत नसेल आणि तिची पाळी थांबली असेल, तर हाडे झिजू लागतात. तेव्हा डॉक्टरांकडे जावे, ताटात वाढ करावी. पाळी सुरू झाली म्हणून मात्र दोरी काढून घेऊ नये. दुखत असेल त्या दिवशी विसावा, बरे वाटले की पुन्हा दोरी.