बुलेटचा ब्लॉक आणि वटारची हवा

संपादकांना लेख हवा होता टाकीवरचा. बुलेटच्या काळ्या टाकीवरच्या हाताने ओढलेल्या सोनेरी रेषा, जावाचा मरून रंग आणि दोन्ही बाजूंचा क्रोम. जुन्या मोटारसायकली पुन्हा उभ्या करणारे लोक हे रंग कसे निवडतात, ते वसईत जाऊन बघा, असा निरोप होता. वटारच्या एका वाडीत, केळीच्या बागेला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये मी गेलो आणि टाकीपर्यंत पोचायच्या आधीच थांबलो. दाराशी गोणपाटावर बुलेटचा सिलिंडर ब्लॉक उताणा ठेवला होता. मिस्त्री हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा दोन फिनांच्या फटीत घालून अगदी सावकाश खरवडत होते. मला वाटलं, गंज काढताहेत. ते मूळ रंग शोधत होते.

बुलेटचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. इंग्लंडमधल्या रेडिचची रॉयल एनफिल्ड आणि मद्रास मोटर्स यांनी १९५५मध्ये एनफिल्ड इंडिया काढली. आधी जोडणी, मग हळूहळू सगळीच गाडी मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला बनू लागली. रेडिचचा कारखाना बंद झाला, तरी मद्रासची बुलेट चालत राहिली. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, ३४६ सीसी, आणि बिडाचा ब्लॉक. लोक आजही या गाडीला ‘कास्ट आयर्न’ म्हणूनच ओळखतात, आणि रंगाचा सगळा प्रश्न या बिडापाशी येऊन उभा राहतो.

या एका इंजिनात दोन धातू शेजारी बसलेले आहेत. ब्लॉक बिडाचा, हेड, क्रँक केस आणि बाजूची कव्हरं ॲल्युमिनियमची. बीड उघडं ठेवलं की गंजतं, त्याला रंग लागतोच. ॲल्युमिनियमवर हवेने स्वतःच एक पातळ थर चढतो, त्यामुळे कारखान्यात ते बहुतेक उघडंच ठेवत. कव्हरं तेवढी पॉलिश करून चमकवत. म्हणजे इंजिनाला कुठला रंग द्यायचा, हा प्रश्न प्रत्यक्षात एका ब्लॉकपुरताच असतो. एवढं कळलं तरी अर्धी इंजिनं वाचतील. कारण आज होतं काय, तर ‘रिस्टोर’च्या नावाखाली सगळं इंजिन एकदम चंदेरी स्प्रेने मारतात किंवा सगळंच बफिंगला देतात. बफच्या चाकाखाली ओतकामाची खरखर जाते, साच्याच्या जोडरेषा जातात, फाउंड्रीच्या खुणा जातात. ते इंजिन कुठे आणि कसं ओतलं गेलं, हे सांगणारा पुरावा तोच असतो, आणि तो एका दुपारीत पुसला जातो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मूळ रंग सापडतो तो आडोशाच्या जागी. फिनांच्या मुळाशी, जिथे ब्रश नीट पोचत नाही. कार्बोरेटरच्या मागच्या बाजूला. गॅस्केटच्या कडेला, नटाच्या वॉशरखाली. मिस्त्री वरून एकेक थर उतरवत होते: वर कुणीतरी अलीकडे मारलेला चंदेरी, त्याखाली चकचकीत काळा, मग तपकिरी गंज, आणि एका खोल फटीत नखाएवढा मंद, राखाडीकडे झुकलेला काळा. त्या ठिपक्यावर त्यांनी रॉकेलचं बोट फिरवलं. ओला झाल्यावर तो गडद झाला, वाळल्यावर पुन्हा राखाडी. म्हणजे रंग मुळात काळाच, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने फिका पडलेला. आता नवा रंग त्या फिक्या ठिपक्याशी जुळवायचा की तो नवा असताना जसा असेल त्याच्याशी? मिस्त्रींचं उत्तर तयार होतं: गाडी नवी असताना जशी होती तशी करायची, म्हातारपण ती आपलं आपण आणेल. रंग काळाच, पण आरशासारखा नाही, मंद चमकेचा.

रस्त्यावर बिडाचे ब्लॉक काळेही दिसतात, चंदेरीही. काळा थंड ठेवतो, असं काळ्याच्या बाजूचे म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण लोक समजतात तेवढं नाही. काळा पृष्ठभाग उष्णता बाहेर फेकतो ती चंदेरीपेक्षा कितीतरी जास्त. मात्र चालत्या गाडीत इंजिन मुख्यतः वाऱ्याने थंड होतं, आणि फिना एकमेकींकडे तोंड करून असल्याने त्यांनी फेकलेली बरीच उष्णता शेजारच्या फिनलाच मिळते. काळ्याचा थोडाफार उपयोग होतो तो फाटकात किंवा सिग्नलला गाडी उभी असताना. रंगाच्या छटेपेक्षा महत्त्वाची असते जाडी. जाड थर म्हणजे बिडाला घातलेलं ब्लँकेट.

पावडर कोटिंगचा मोह इथेच आवरावा लागतो. वसई पूर्वेला वालीव, सातिवलीच्या गाळ्यांमध्ये ते सहज करून मिळतं, टिकतंही छान. चॅसिसला आणि स्टँडला ते योग्यच आहे. फिनांवर मात्र त्याचा थर ६० ते ८० मायक्रॉन किंवा त्याहून जाड बसतो, आणि फटींमध्ये तर कधी नीट पोचतच नाही. उष्णतेच्या सिलिकॉन रंगाचा एक हात साधारण २५ मायक्रॉनचा. असे दोन पातळ हात पुरतात. साधा एनॅमल इथे टिकत नाही. फिनच्या मुळाशी तापमान दीडशे अंशांच्या वर जातं आणि तो जळून पोपडे धरतो.

ॲल्युमिनियमला काळा रंग देणं हे नेहमीच पाप असतं असंही नाही. व्हिन्सेंट कंपनीने १९४८मध्ये ब्लॅक शॅडो काढली, तेव्हा तिच्या ॲल्युमिनियमच्या इंजिनावर काळा एनॅमल भाजून चढवला होता आणि गाडीचं नावच त्यावरून पडलं. तिच्यावर काळा हाच खरा रंग. बुलेटच्या क्रँक केसला तसा आधार नाही.

निवड झाली की काम सोपं, असं मला वाटलं होतं. खऱ्या अडचणी तिथून सुरू होतात.

पहिली अडचण साफसफाईची. बिडाचा ब्लॉक कॉस्टिकच्या पाण्यात टाकला तर जुना रंग सुटतो, बिडाला काही होत नाही. त्याच पाण्यात हेड टाकलं तर ॲल्युमिनियमच विरघळू लागतं. सँड ब्लास्टिंग करायचं तर बोअर, स्टडची भोकं आणि बुलेटच्या ब्लॉकमधून जाणारे पुशरॉडचे बोगदे घट्ट बंद करावे लागतात. वाळूचा एखादा कण आत राहिला तर तो टॅपेटपाशी उतरतो आणि तेलात मिसळून इंजिन आतून घासत राहतो. नंतर रंग मारताना गॅस्केटची बैठक आणि नटाखालच्या जागा कोऱ्या ठेवायच्या, कारण नटाखालचा रंग उष्णतेने दबतो आणि आवळलेला नट ढिला पडतो.

दुसरी अडचण हवेची, आणि ती वटारची खास. समुद्र जवळ, सोबतीला भाजीवाड्यांचा ओलावा. ब्लास्ट केलेलं कोरं बीड पावसाळ्यात इथे काही तासांतच तांबूस होतं. म्हणून ब्लास्टिंग आणि पहिला हात एकाच दिवशी, तोही उन्हात तापवून. ॲल्युमिनियम मूळसारखं उघडं ठेवावं तर खारी हवा त्यावर पांढरी भुकटी आणि बारीक खड्डे पाडते. त्यावर पारदर्शक लॅकर मारावा, तर लॅकरखाली पांढऱ्या धाग्यांसारखा गंज पसरतो आणि मग तो पुसताही येत नाही.

तिसरी भाजण्याची. सिलिकॉन रंग उष्णता मिळाल्यावरच पक्का होतो. तोवर पेट्रोलचा थेंब पडला तरी निघतो. इंजिन सुरू ठेवून भाजता येईल असं वाटतं, पण या ब्लॉकला नवा बोअर आणि नवा पिस्टन. नव्या रिंगांना जागच्या जागी तासन्‌तास चालणं मानवत नाही. म्हणजे जोडणीआधीच भट्टी शोधायची, आणि ती जिथे खायचं काही भाजतात अशी नको.

चौथी अडचण आरटीओची, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. बुलेटचा इंजिन नंबर क्रँक केसवर ठोकलेला असतो. बफिंगने तो पुसट होतो, जाड रंगाने बुजतो. तपासणीला ठसा घेतात तेव्हा आकडे उमटले नाहीत, तर गाडी तुमचीच आहे हे सिद्ध करत बसा. म्हणून मिस्त्री त्या पट्टीला बोटसुद्धा लावू देत नाहीत.

२०२१च्या जुलैपासून ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आहे. २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण त्या नंबरावर गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यालाच ती रस्त्यावर. या बुलेटच्या मालकाने ती वाट नाकारली. वडिलांची गाडी आहे, ती नालासोपाऱ्याच्या बाजारापर्यंत गेलीच पाहिजे, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे जुना नंबर तसाच राहणार आणि पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करत बसावं लागणार. गाडी पावसात भिजणार, खारी हवा खाणार. या एका निर्णयाने उरलेले सगळे निर्णय ठरले. ब्लॉकला काळा, दोन पातळ हात, भट्टीत भाजलेला. हेड आणि क्रँक केस काचेच्या बारीक मण्यांनी साफ करून कोरी. कव्हरं हाताने पॉलिश केलेली, लॅकरशिवाय, आणि दर पंधरवड्याला त्यांवर मेण. टाकीला कुठला काळा, हे अजून ठरायचं आहे.