लायसन आहे, मग ट्रेनिंग कशाला?

आमच्या चिरनेरच्या आसपासची बरीच पोरं न्हावा-शेव्याकडच्या गोदामांत कामाला. "गाडीचं लायसन आहे की," हे मी नेहमी ऐकतो. अरे, पण फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते! वळताना शेपूट बाहेर जातं, बाजूला माणूस असला तर संपलंच. पुढची दोन चाकं आणि मागच्या अॅक्सलचा मध्य, या त्रिकोणातच तोल राहायला हवा. माल उंच धरून झटकन वळलात की तो बाहेर. कलंडली तर उडी मारू नका, वरचं छत अंगावर येतं. पट्टा लावलेला असू द्या, स्टिअरिंग घट्ट धरा. कारखान्यातल्या कामगाराला सुरक्षेचं प्रशिक्षण मिळवायचा हक्क १९८७ च्या दुरुस्तीनेच कारखाने कायद्यात आला. त्यामुळे "चालव, जमेल हळूहळू" म्हणणाऱ्या सुपरवायझरकडे आधी ट्रेनिंग मागा, मग चावी घ्या.