हजेरीपट आणि शिपाईगिरी

नाशिकरोडला तोफखान्याचे केंद्र, देवळालीला छावणी, शहरात भोसला सैनिकी शाळा. तेव्हा लष्कर म्हणजे काय हे नाशिककरांना आम्ही सांगावयास नको. तरीही सक्तीच्या भरतीचा विषय निघाला की आपण म्हणतो, ते इस्रायलात, कोरियात. आपल्याकडे तसले काही नाही. हे खरे आहे. स्वतंत्र भारताने शिपाई आजवर सक्तीने घेतलेला नाही. परंतु राज्यघटनेचे २३ वे कलम एकदा वाचून पाहावे. त्याच्या पहिल्या भागात वेठबिगारीला बंदी आहे. आणि लगेच दुसऱ्या भागात, सार्वजनिक कामासाठी सरकारला सक्तीची सेवा लादण्याची मोकळीक आहे. अट इतकीच, की धर्म, वंश, जात वा वर्ग पाहून भेद करावयाचा नाही. १९७२ साली राष्ट्रीय सेवेचा कायदा झाला, तो इंजिनियर-डॉक्टरांपुरता. त्यातला क्रम पाहण्याजोगा आहे: आधी नोंदणी, मग बोलावणे. यादीवाचून सक्ती चालत नाही.

यादी काय करू शकते, हे महाराष्ट्रात पारध्यांना आणि कैकाड्यांना विचारावे. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा पुढे मुंबई इलाख्यातही आला. माणसाने गुन्हा केला आहे की नाही हा प्रश्नच नव्हता. अमुक जातीत जन्म झाला, की नाव नोंदवा, बोटांचे ठसे द्या, हजेरी लावा, गाव सोडताना परवाना घ्या. सोलापूरच्या सेटलमेंटमधली माणसे तारांच्या कुंपणाआड राहत आणि तेथूनच गिरणीत कामाला जात. स्वातंत्र्य १९४७ ला आले. यांच्या मानेवरचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला.

म्हणून सगळ्या याद्या जाळाव्यात काय? आम्ही कामगार संघटनेची माणसे असे म्हणू शकत नाही. हजेरीपटावर नाव नाही, तो कामगार कायद्याला दिसतच नाही. त्याला ना फंड, ना भरपाई. नाव पटावर चढावे म्हणून तर आम्ही वर्षानुवर्षे भांडलो. आधार क्रमांकाचे पहिले वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच विभागातल्या नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावी झाले. ज्याच्याजवळ कसलाच कागद नाही त्याला ओळख मिळेल, हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण ओतशाळेत ज्याची बोटे झिजली, त्याचा ठसा रेशनच्या यंत्रावर उठत नाही, आणि तो स्वतःच्याच नावाच्या धान्यासाठी चकरा मारतो. येथे यंत्र खरे आणि माणूस खोटा ठरतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पुढे २०२३ चा माहितीरक्षणाचा कायदा आला. त्यात सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची वाट ठेवली आहे. ज्याच्यापासून रक्षण हवे, त्यालाच सूट! आम्हाला हे पटत नाही.

भरतीबाबत आमचे मत काहींना रुचणार नाही. शत्रू खरोखर दारात आला तर, मंत्र्याच्या मुलापासून बिगाऱ्याच्या मुलापर्यंत सर्वांना सारखी लागू होणारी सक्ती आम्ही मान्य करू; मात्र ज्याचे मन शस्त्राला तयार नाही त्याला दुसरी सेवा द्यावी. शांततेच्या काळात ती नको. आणि आजची भरती ऐच्छिक म्हणतात, त्यात इच्छा किती आणि बेकारी किती? २०२२ पासून अग्निवीर चार वर्षांसाठी घेतात. पुढे कायम राहतात ते फार तर चारांत एक. बाकीचे पंचविशीच्या आत-बाहेर परत येतात. त्यांतले काही उद्या सातपूर-अंबडच्या फाटकाशी वॉचमनची जागा मागतील. कंत्राटी कामगार आम्ही पुष्कळ पाहिले. सैन्यात तो पाहावा लागेल असे वाटले नव्हते.

त्याच फाटकांवर आता चेहरा पाहून हजेरी घेणारी यंत्रे आली आहेत. एका कारखान्यात ओव्हरटाइमचा तंटा झाला. पोरांनी आपल्याच हजेरीचा उतारा मागितला, तर उत्तर मिळाले, ‘ती माहिती कंपनीची.’ जुन्या पटावर निदान टाचा उंचावून आपले नाव वाचता येत असे. दर महिन्याला प्रत्येकाच्या हातात त्याच्या हजेरीची छापील प्रत द्यावी, ही मागणी आम्ही तेथे लेखी दिली आहे.