मुरुमाचा रस्ता आणि सायकल
रुंद टायरच्या सायकलीवरून डोंगराळ मुलखात भटकणाऱ्यांना डांबरी सडकेपेक्षा मुरुमाची वाट प्रिय असते. महाराष्ट्रातील अशा अनेक वाटांचे मूळ १९७२ च्या दुष्काळी कामांत आणि पुढे रोजगार हमी योजनेत आहे. उतारावरचे पाणी हा मुरुमाचा खरा शत्रू. मध्यभागी उंचवटा, कडेला चर आणि ओढ्यावर मोरी नसेल, तर एका पावसाळ्यात रस्त्याची घळ होते. सायकलस्वार मग दुसरी वाट धरतो; दूध घेऊन निघालेल्या शेतकऱ्याला ती सोय नसते. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने पाच वर्षांची देखभाल कंत्राटातच अंतर्भूत केली, हे योग्यच झाले. चर उपसण्याचा खर्च फेरबांधणीच्या मानाने किरकोळ; पण चराचे उद्घाटन होत नाही! पर्यटकांच्या न्याहारी-मुक्कामातून गावाला मिळू शकणारे उत्पन्नही याच चरांवर अवलंबून आहे.