स्मारकाच्या पायाआधी माती तपासली का? भिडेवाड्याचा प्रश्न

बुधवार पेठेत दगडूशेठ हलवाई गणपती मंदिरासमोर असलेला भिडेवाडा आता नाही. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी इथे मुलींची शाळा सुरू केली. जागेचा वाद अनेक वर्षे न्यायालयात चालला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने पोलीस बंदोबस्तात हा मोडकळीला आलेला वाडा रातोरात पाडला. इथे राष्ट्रीय स्मारक व्हावे ही आपलीच मागणी होती. पण वाडा पडला तरी जमिनीखालचा पुरावा उरतो. तो जातो पाया खणताना.

म्हणून बांधकामाआधी जागेचे पुरातत्त्वीय मूल्यमापन करतात. आधी जुने नकाशे आणि सिटी सर्व्हेचे कागद पाहतात. मग ठरावीक ठिकाणी छोटे चर खणतात. माती थराथराने काढतात, चाळतात आणि प्रत्येक थराची मोजमापे, रेखाटने व छायाचित्रे ठेवतात. जोत्याचे दगड, बुजवलेला आड, खापरे, पाटी-पेन्सिलीचे तुकडे असे काहीही निघू शकते. कदाचित काहीच निघणार नाही, पण तीही नोंदच असते. अहवाल पाहून ठरते की सरळ बांधायचे, पायाची जागा बदलायची की आधी पूर्ण उत्खनन करायचे. जेसीबीने एका दिवसात खणलेल्या खड्ड्यातून यातले काहीच कळत नाही.

माती काय सांगते, हे आपल्याला सोपाऱ्याने शिकवले आहे. तिथल्या टेकाडाला लोक बुरुड राजाचा कोट म्हणत. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणले तेव्हा आत विटांचा स्तूप आणि अवशेषांची दगडी पेटी मिळाली. तिथे आधीच कोणी इमारत उठवली असती, तर आपल्यापाशी नुसता कोटच उरला असता.

कायदा इथे तोकडा पडतो. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. शनिवारवाड्याला हे कवच आहे. भिडेवाड्याची जागा त्याच पेठांच्या गर्दीत आहे, पण ती त्या वर्तुळात येते की नाही, हे मोजून पाहायला हवे. फुल्यांच्या मुलींच्या शाळेखालच्या मातीची विचारपूस होईलच असे नाही. इंग्लंडमध्ये १९९० पासून बांधकाम परवानगी देताना खालच्या अवशेषांचा विचार होतो आणि तपासणीचा खर्च सहसा बांधणारा करतो, जागा संरक्षित यादीत नसली तरीही. आपल्याकडे तसे बंधन नाही, म्हणून मागणी आपल्यालाच करावी लागते.

बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्यासोबत ज्यांना गुरू मानले, त्या फुल्यांची ही जागा आहे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. महापालिकेला विचारा: पाडण्याआधी वाड्याची मोजमापे आणि छायाचित्रे घेतली का? निघालेली लाकडे, दगड कुठे ठेवले? पायाच्या खोदकामाआधी पुरातत्त्व तज्ज्ञाने जागा तपासली का, आणि तपासली असेल तर अहवालाची प्रत द्या. डेक्कन कॉलेज याच शहरात आहे, त्यामुळे माणसे मिळत नाहीत हे कारण चालणार नाही.