आकाशांतून पाहिलेली भूमि



मागें एका रविवारीं आमच्या गिरगांवांतल्या बिऱ्हाडीं एक मौज झाली. शेजारचा एक विद्यार्थी उपग्रहानें टिपलेलें सह्याद्रीचें चित्र कागदावर छापून घेऊन आला व म्हणाला, "काका, ही डोंगराची रांग पाहा, झाडाच्या फांद्यांसारखी कशी पसरली आहे!" मलाही तें पटलें. इतक्यांत त्या रांगेच्या माथ्यावरून नदीची रेघ गेलेली दिसली. आणि नदी कांहीं डोंगराच्या कण्यावरून वाहत नाहीं! आम्हीं डोंगर म्हणून वाखाणली ती दरी होती.

ही चूक जाणत्यांच्या हातूनही होते, व तिचें कारण मनोरंजक आहे. उजेड वरून येतो, अशी आपल्या डोळ्यांची जन्माची समजूत. परंतु अशीं चित्रें घेणारे पुष्कळसे उपग्रह आपल्या डोक्यावरून सकाळीं दहा-साडेदहाच्या सुमारास जातात. त्या वेळीं, विशेषतः हिंवाळ्यांत, सूर्य आग्नेयेकडे असतो; म्हणजे उत्तर दिशा वर धरलेल्या चित्रांत उजेड खालच्या उजव्या बाजूनें येतो. डोळा मात्र तो वरूनच आला असें धरून चालतो, आणि खोल तें उंच व उंच तें खोल ठरवितो. उपाय सोपा आहे. चित्र उलटें फिरवावें; डोंगर व दरी आपापल्या जागीं येतात.

रंगाचेंही तसेंच. कांहीं चित्रांत मलबार हिलवरील राजभवनाचा परिसर लालभडक दिसतो. तेथें वणवा लागलेला नसतो. हिरवीं पानें आपल्याला न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणांत परावर्तित करतात, आणि अशा चित्रांत त्या किरणांना तांबडा रंग देण्याची वहिवाट आहे. तेव्हां जेथें लाली, तेथें झाडी.

सावली व रंग कळले म्हणजे आकाराकडे वळावें. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं आपल्या या मुलुखांत लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्यांतले कठीण थर कडे होऊन उभे राहिले. मऊ थर झिजून त्यांचे उतार झाले व त्यांवर रान माजलें. म्हणून सह्याद्रीचा डोंगर वरून पाहिला असतां त्याच्या अंगाभोंवतीं काळ्या-हिरव्या रेघा एकाआड एक दिसतात. गड चढतांना ज्यांनीं दम लावला, त्याच या पायऱ्या.

अशा रेघांच्या प्रदेशांत एकदम वर्तुळ दिसलें, तर मात्र थबकावें. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें विवर सुमारें १.८ किलोमीटर रुंद आहे. प्रदेश लाव्हाचा, तेव्हां हें ज्वालामुखीचेंच मुख असावें, असें अनेकांनीं मानलें होतें. पुढें १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें तेथील दगडांत प्रचंड आघातानें काचेसारखीं झालेलीं खनिजें दाखवून दिलीं, आणि उल्कापाताचा पक्ष बळकट झाला. चित्र शंका उपस्थित करतें. निकाल दगडानेंच द्यावा लागतो.

आतां पुन्हां घराकडे येऊं. चित्रांत गिरगांव चौपाटीची कमान ओळखूं येते. पश्चिमेस वाळकेश्वर ते वरळी आणि पूर्वेस डोंगरी ते शीव, अशा दोन उंचवट्यांच्या ओळी आहेत. त्यांच्यामधल्या सखल भागांत महालक्ष्मीच्या बाजूनें एके काळीं भरतीचें पाणी शिरत असे; अठराव्या शतकांत बांध घालून तें अडविलें गेलें. आज हा सखलपणा चित्रांत चटकन दिसत नाहीं, कारण सगळीकडे छपरेंच छपरें. परंतु परळजवळच्या हिंदमाता परिसरांत पावसाळ्यांत वर्षानुवर्षें पाणी कां तुंबत आलें, याचें निम्में उत्तर त्या छपरांखालच्या भूमीच्या आकारांत आहे. ज्या शहरांत आपण राहतों, त्याची उंचसखल जमीन ओळखणें ही केवळ हौस नव्हे.

तो विद्यार्थी आतां चित्र हातीं आलें कीं प्रथम सावली कोणत्या बाजूस पडली आहे तें शोधतो. पहिलें चित्र मात्र त्यानें भिंतीवर लावलें आहे, उलटें. ती दरी आहे हें कळल्यापासून तें त्याला अधिकच सुंदर वाटतें.