थोरली बहीण, दुसरी माउली

कार्तिक शुद्ध द्वितीया ही यमद्वितीया. यमधर्म आपली भगिनी यमुना हिच्या घरी जेवावयास गेले व तिच्या ओवाळण्याने संतुष्ट झाले, ही कथा आबालवृद्धांस ठाऊक आहे. आमच्या बिलोलीच्या सीमाभागात घर मराठी असो वा तेलुगू, थोरल्या बहिणीस 'अक्का' हीच हाक. त्या हाकेत अर्धी आई सामावलेली असते.

मायबापांचे छत्र हरपले म्हणजे बहीणच माउली होते. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान या भावंडांत मुक्ताबाई सर्वांत धाकटी. परंतु ज्ञानदेव खिन्न होऊन ताटी लावून बसले, तेव्हा त्यांची समजूत घातली ती तिनेच.

अशीच एक थोरली बहीण दूर मणिपुरातील मैतेई लोककथेत अमर झाली आहे. लोकताक सरोवराकाठच्या मोइरांगची ही खामनू. पिता पुरेनबा राजदरबारातील मातब्बर पुरुष. पण मातापित्यांच्या पश्चात पोरक्या लेकरांच्या वाट्यास दारिद्र्य आले. खामनूने परक्यांच्या घरी धान कांडून धाकट्या खम्बास वाढविले. पुढे काओ नामक मत्त वळू धरून आणण्याचा बिकट प्रसंग खम्बावर ओढवला. तेव्हा अक्काने त्यास सांगितले की, हा वळू आपल्याच वडिलांचा. त्याच्या कानी त्यांचे नाव घे. नाव ऐकताच तो पशू शांत झाला. भावास अन्न दिले तिने, आणि कुळाची ओळखही दिली तिनेच. हिजम अंगांघल यांनी १९४० मध्ये खम्बा-थोइबीच्या या कथेवर महाकाव्य रचले.

मणिपुरातही याच तिथीस 'निंगोल चाकौबा' साजरा होतो. पूर्वी बहीण भावास जेवावयास बोलावी. एकोणिसाव्या शतकात महाराज चंद्रकीर्ती यांच्या काळी प्रथा पालटली. तेव्हापासून माहेरच लेकीबहिणींस सन्मानाने जेवू घालते.

वाचकहो, आम्हांस येथे एक विचारावेसे वाटते. २००५ च्या कायदादुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीस पुत्राइतकाच हक्क दिला. तरीही हक्कसोडपत्रावर बहिणीची सही आधी घ्यावयाची आणि भाऊबीजेस ताटात पातळ ठेवावयाचे, यास ओवाळणी म्हणावे काय? जिने आपली शाळा सोडून धाकट्यांस न्हाऊमाखू घातले, त्या अक्काच्या दारी यंदा प्रथम जावे. तिचे ऋण फिटणारे नव्हेच. निदान जे तिचे आहे, ते तिच्यापाशी राहू द्यावे.